परवडतं म्हणूनच येतात ना?

काजूचा सीझन आला की आमच्या वेंगुर्ल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं. बायकांच्या मजुरीचा विषय निघाला की समोर काजू कारखानेवाला असो, आंबा बागायतदार असो नाहीतर ट्रॉलरचा मालक, उत्तर ठरलेलं असतं, "परवडता म्हणानच येतत ना? आम्ही खय जबरदस्ती केलली?" बोलणारी माणसं वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ती माझ्याच बाकावर बसतात, वाड्यात कुणाकडे मयत झालं तर पहिली धावतात. पण हे वाक्य मला पटत नाही, आणि ख्रिस्ती म्हणून तर अजिबातच पटत नाही, का ते आज सविस्तर लिहायचं ठरवलंय, लांबेल पण वाचा.

आधी काम काय असतं ते सांगते कारण काजूगर खाणाऱ्या बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. बी वाफवून घेतात, मग ती कटरवर फोडायची, एका हाताने बी पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पेडल दाबायचं, दुसऱ्या हाताने दांडा फिरवायचा की टरफल दुभंगतं आणि मग आतला गर सुईसारख्या टोकाने अलगद काढायचा. अख्खा निघाला पाहिजे, तुकडा झाला की भाव पडला. आणि त्या टरफलात तेल असतं, काळं आणि जहाल, ते कातडी भाजतं. बायका हाताला राख नाहीतर तेल चोपडून बसतात, काही ठिकाणी हातमोजे देतात पण मोजे घालून हात भराभर चालत नाही आणि मजुरी तर किलोवर, त्यामुळे मोजे बाजूला पडतात. माझ्या मावशीने बरीच वर्षं हे काम केलं. तिच्या बोटांची टोकं अशी झाली की रेशन दुकानात मशीनवर अंगठाच उठत नाही, दरवेळी एकेक बोट लावून बघायचं आणि मागे लाईन खोळंबायची. चर्चमध्ये कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, ती हात पुढे करते तेव्हा तळहात गोरा आणि बोटं काळी असतात, कितीही घासली तरी. मला त्या हातांचा प्रचंड अभिमान आहे आणि त्या हातांना जे मिळालं त्याचा राग पण आहे.

तर आता ते "जबरदस्ती कुठे केली".

१५ मे १८९१ ला पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर एक परिपत्रक काढलं, रेरुम नोवारुम. युरोपात गिरण्या, खाणी जोरात होत्या आणि तिथले मालकही हेच बोलत होते की करार दोघांच्या मर्जीने झालाय, ठरली ती मजुरी दिली, विषय संपला. लिओंनी सांगितलं की नाही संपला. मालक आणि कामगार यांनी काहीही ठरवू दे, त्या ठरवण्याच्या वरचा आणि त्याहून जुना असा निसर्गाचाच एक न्याय आहे, की साधेपणाने राहणाऱ्या कष्टकऱ्याचं त्या मजुरीत भागलं पाहिजे. आणि पुढे तर त्यांनी स्पष्टच म्हटलंय, गरजेपोटी किंवा याहून वाईट काहीतरी होईल या भीतीपोटी जर माणसाने कमी मजुरी मान्य केली, तर तो बळाचा आणि अन्यायाचाच बळी आहे. म्हणजे कुणी दंडाला धरून नेलं नाही म्हणून जबरदस्ती नाही, असं होत नाही. घरात तांदूळ नाही ही पण जबरदस्तीच.

हे आपल्याकडे फक्त पोपने म्हटलंय असंही नाही. १९८२ ला दिल्लीत एशियाड होतं, त्याची स्टेडियमं, फ्लायओव्हर बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात लिहिलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मध्ये ज्याला बंदी आहे ते सक्तीचं काम, कारण भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच आहे, दुसरा पर्यायच नसतो म्हणून माणूस ते काम घेतो. एक रोमचा पोप, एक दिल्लीचा न्यायाधीश, मध्ये ९१ वर्षं, आणि दोघे एकाच ठिकाणी पोचले! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून घरात फेऱ्या मारत होते. कारण लहानपणापासून आम्हाला हेच शिकवलेलं की मालकाने काम दिलं हे त्याचे उपकार.

बायबलमध्ये तर मजुरीबद्दल इतकं आहे की मला आश्चर्य वाटतं आमच्या प्रवचनांत ते एवढं कमी कसं येतं. लेवीय नावाच्या पुस्तकात, १९ व्या अध्यायात आहे की मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नको. अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात आहे, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर अडकलाय, आणि तो तुझ्या जातभाईंपैकी असो की तुझ्या गावात राहणारा परका असो. परका हे लक्षात घ्या, मी पुढे येते त्यावर. याकोबाच्या पत्रात तर सरळ श्रीमंतांना उद्देशून आहे, तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती मजुरीच ओरडतेय आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत गेलाय. आणि गंमत बघा, आपली २०१९ ची वेतन संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही रोजंदारीवाल्याचे पैसे पाळी संपताना द्या असंच आहे. मोशेच्या नियमशास्त्रात सूर्य मावळताना, संहितेत पाळी संपताना. आणि आमच्याकडे? "शनिवारी बघूया", "व्यापाऱ्याकडून पेमेंट येऊ दे", "चतुर्थीक देतंय".

एक दाखला मात्र मालक मंडळी आवडीने सांगतात, मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा. त्यातला मालक म्हणतो ना की माझ्या पैशाचं मी मला हवं ते का करू नये. झालं, हे वाक्य पकडलं की वाटतं येशूनेच मालकाला लायसन दिलं. पण पूर्ण गोष्ट वाचा की. तो मालक पहाटे माणसं घेतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला पण बाजारात जातो. पाचला उभे असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे, ते म्हणतात आम्हाला कुणी कामालाच लावलं नाही. आणि तो त्यांनाही पूर्ण दिवसाचा एक दिनार देतो, कारण संध्याकाळी घरी जाऊन त्यांच्याही पोरांना पूर्ण दिवसाचीच भूक लागलेली असते (हा अर्थ मी लावतेय पण मला तोच खरा वाटतो). म्हणजे त्या मालकाने स्वतःचं स्वातंत्र्य वापरलं ते ठरल्यापेक्षा जास्त द्यायला, कमी द्यायला नाही. रापण ओढताना बघितलंय कधी? होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात, रापणकरांचे वाटे ठरलेले असतात पण उशिरा येऊन दोराला हात लावणारा म्हातारा माणूससुद्धा कालवणापुरते मासे घेऊन जातो, त्याला कुणी घड्याळ दाखवत नाही. द्राक्षमळा आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही, रापण सगळ्यांनी पाहिलीय. हा दाखला वाचतात त्या रविवारी फादरांनी रापणीवर बोलावं असं मला फार वाटतं.

हे असं बोललं की लगेच, "काय गो, कम्युनिस्ट झालंस की काय?" नाही. ज्या लिओ तेराव्यांनी मजुरीबद्दल हे लिहिलं त्यांनी त्याच परिपत्रकात समाजवाद नाकारलाय आणि खाजगी मालमत्तेचा हक्क जोरदार मांडलाय, उलट त्यांचं म्हणणं की कामगाराला मजुरी इतकी मिळावी की काटकसर करून त्याने थोडं बाजूला टाकावं आणि स्वतःची जमीन, स्वतःचं काहीतरी करावं. माझं म्हणणं तेवढंच आहे. मावशीचं स्वतःचं काही व्हावं. प्रोटेस्टंट परंपरेतही हेच सापडेल, जॉन वेस्ली म्हणायचे कमवता येईल तेवढं कमवा, वाचवता येईल तेवढं वाचवा, देता येईल तेवढं द्या, आणि त्यातल्या पहिल्या भागाला त्यांनी अट घातलेली की शेजाऱ्याचं शरीर, आत्मा, मालमत्ता यांना इजा करून कमवायचं नाही. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात, अट विसरतात. बोटं भाजून काढलेला नफा त्या अटीत बसतो का, ज्याने त्याने बघावं.

आता मालकांची बाजू, कारण ती खरीच आहे. आमच्या वाड्यातले एक अंकल छोटं युनिट चालवतात, काही बायका कामाला, घरचे सगळे राबतात. ते मला हिशोब घेऊन बसले होते. आफ्रिकेतून येणारी बी, व्हिएतनाममधला मशीनवर फोडलेला स्वस्त माल, बँकेचा हप्ता, आणि वाशीचा व्यापारी दर पाडून मागतो, नाही दिला तर दुसऱ्याकडून घेतो. "मी मजुरी वाढवलंय आणि शेजारच्यान नाय वाढवल्यान तर माझो माल कोण घेतलो?" ह्या प्रश्नाला नुसतं "देव बघतोय" असं उत्तर देता येत नाही, तो खरा प्रश्न आहे. आणि इथे मला पोप पायस अकरावे आठवतात, त्यांनी १९३१ ला लिहिलं की धंद्यावर अन्याय्य बोजा टाकल्यामुळे किंवा माल योग्य किमतीपेक्षा कमी दराने विकायला लावल्यामुळे जर मालक न्याय्य मजुरी देऊ शकत नसेल, तर ज्यांनी त्याला तसं भाग पाडलं तेच कामगाराची मजुरी हिरावण्याचे दोषी. म्हणजे वाशीचा व्यापारी त्यात आला. जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ ला ह्यालाच पुढे नेलं, की कामगाराच्या पगाराची जबाबदारी फक्त समोरच्या मालकाची नाही, बाहेरून त्याच्या अटी ठरवणारे सगळे अप्रत्यक्ष मालकच, आणि त्यात त्यांनी सरकारचं नाव सगळ्यात आधी घेतलंय. आणि दिवाळीला पाव किलो काजूत घासाघीस करणारे आपण पण कुठेतरी त्यात असणारच.

म्हणून सरकार लागतं. माझं सगळं म्हणणं ह्या एका जागी येऊन टेकतं. अंकल एकटे चांगले वागले तर ते बुडतील आणि वाईट वागणारा तरेल, ही परिस्थिती प्रार्थनेने बदलत नाही, ती सगळ्यांना एकच नियम लावून आणि तो नियम खरंच तपासून बदलते. किमान वेतनाचा कायदा कामगारासाठी आहे असं सगळे समजतात, मला वाटतं तो प्रामाणिक मालकासाठी पण तेवढाच आहे. १९४८ पासून देशात किमान वेतनाचा कायदा होता, नगावर किंवा किलोवर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशोबाने ठरावीक मजुरीची हमी देण्याची सोय त्यात होती. घटनेच्या कलम ४३ मध्ये तर निर्वाह वेतनाबद्दल लिहिलंय, माणूस नीट जगेल असं वेतन. कागदावर काही कमी नाही. पण आमच्या घरोघरच्या छोट्या युनिटांत येऊन वजनाची वही कोण बघतं? मावशीच्या सगळ्या वर्षांत तिने लेबर ऑफिसचा माणूस एकदाही पाहिला नाही.

आमच्यातले काही धार्मिक लोक इथे म्हणतात, सरकार आणि चर्च वेगळं, कैसराचं (म्हणजे रोमच्या बादशहाचं) ते कैसराला द्या, गरिबाचं आपण दानातून बघू. मला ते बायबलला धरून वाटत नाही. यिर्मया २२ काढा. राजा यहोयाकीम मोठा वाडा बांधतोय, गंधसरूचं लाकूड, मोठमोठ्या खिडक्या, आणि संदेष्टा त्याला म्हणतो, शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन, मजुरी न देता जो आपलं घर बांधतो त्याला धिक्कार असो. आणि लगेच पुढे त्याच्या बापाची आठवण देतो, तुझ्या बापाने गरिबाचा, दुबळ्याचा न्याय केला आणि त्याचं बरं झालं, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे का, असं परमेश्वर विचारतो. हे राजाला सांगितलंय, देवळातल्या दानपेटीला नाही. राज्य करणाऱ्याने देवाला ओळखलं की नाही हे मजुराला न्याय मिळाला का यावरून ठरवलंय! अर्थात बायबल सरकारबद्दल भोळं पण नाही, राजा तुमची शेतं घेईल, पोरं घेईल असं शमुवेल संदेष्ट्याने आधीच बजावलंय. आणि पायस अकरावेच सांगतात की खालच्या पातळीवर लोक जे स्वतः करू शकतात ते वरच्यांनी ओढून घेऊ नये. रापण संघ चालवायला मंत्रालय नको. पण मजुरी बुडवणाऱ्याला नोटीस पाठवायला चर्चचं मंडळ पुरत नाही, तिथे सरकारच हवं.

"गरीब तुमच्याबरोबर नेहमीच असणार" हे येशूचं वाक्य पण फार वापरतात, जणू काही करायचीच गरज नाही. येशू ज्या अनुवाद १५ ची आठवण करून देतोय तिथे पुढचंच वाक्य आहे, म्हणून मी तुला आज्ञा करतो की आपला हात मोकळा सोड. आणि प्रेषित पौलाचं "जो काम करणार नाही त्याने खाऊ नये" हे काजू फोडणाऱ्या बाईला ऐकवणं तर कमाल आहे. ती काम करतेय हो, प्रश्न खाण्याचाच आहे.

कोकणाला तर हे कुणी शिकवायची गरजच नाही खरं म्हणजे. खोतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या राज्यात, काय होतं? कूळ कबुलायतीवर (खोताशी केलेल्या करारावर) अंगठा द्यायचं, कागदावर सगळं राजीखुशीचं. १९३३ ला अलिबागजवळ चरीला कुळांनी जमिनी कसायच्या बंद केल्या, नारायण नागू पाटील पुढे होते, पोरंबाळं उपाशी राहिली पण सहा वर्षं तो संप चालला. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल आणलं, आणि खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. खोत चांगला असला तरी खोती वाईटच होती, आणि ती एखाद्या दयाळू खोताच्या दयेने गेली नाही, लोक संपावर बसले आणि सरकारला कायदा करावा लागला तेव्हा गेली. आमच्या आजोबांच्या पिढीला हे पाठ होतं.

दानाबद्दल थोडं, कारण डिसेंबरात आमच्याकडे हॅम्परची धूम असते. कारखान्याकडून बायकांना केक, साडी, कधी तांदळाची पिशवी, फोटो व्हॉट्सॲपवर. साडी मिळाली की मावशीला आनंद व्हायचा आणि मला तो आनंद हिरावायचा नाही. पण चौथ्या शतकातले संत बासिल म्हणून गेलेत की तू जी भाकरी धरून ठेवलीस ती भुकेल्याची आहे, जो कोट पेटीत ठेवलास तो उघड्याचा आहे. म्हणजे द्यायला निघालो तेव्हा बऱ्याचदा आपण त्याचंच त्याला परत करत असतो. अकरा महिने किलोमागे कमी देऊन बाराव्या महिन्यात साडी दिली तर त्यात दान कुठलं. बायबलमधला जकात वसूल करणारा जक्कय बघा, येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा गरिबांना अर्धी मालमत्ता देतो म्हणाला ते वेगळं आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणाला ते वेगळं. दोन्ही केलं त्याने.

आणि आता घरातलं पण बोलायला हवं. १९७१ च्या बिशपांच्या सिनॉडने (धर्मसभेने) स्वच्छ म्हटलंय, जो लोकांना न्यायाबद्दल सांगायला जातो तो आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, आणि चर्चसाठी जे राबतात त्यांना पोटापुरतं आणि सामाजिक सुरक्षेसकट मिळालं पाहिजे. चर्चमधला मिरनिस (वेदीची, सामानाची देखभाल करणारा), फादरांकडे जेवण करणारी बाई, शाळेतल्या तात्पुरत्या टीचर, वॉचमन, यांना आपण काय देतो? "देवाचं काम" म्हणून कमी देणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं, आणि हे मी पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळात बोललेय, पुढेही बोलणार.

मघाशी परका म्हटलं ते राहिलं. बंदरावर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, चिरेखाणीवर विजापूरकडचे लोक आहेत. मावशीचं निदान इथे घर आहे, भांडायला मी आहे, त्यांचं कोण आहे? ट्रॉलरवरून उतरल्यावर पैसे बुडवले तर तो काठमांडूहून परत येऊन केस लढणार आहे का. अनुवाद २४ ने त्याचं नाव मुद्दाम घेतलंय आणि आपण त्याला माणसांच्या यादीतही धरत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात नवे पोप निवडून आले आणि त्यांनी लिओ चौदावे हे नाव घेतलं, का घेतलं ते त्यांनीच कार्डिनलांना सांगितलं की लिओ तेराव्यांच्या रेरुम नोवारुममुळे. तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसते फुलांचे आणि हात जोडलेले इमोजी पडले. मला वाटलं आता तरी ते परिपत्रक कुणी वाचेल.

म्हणून यंदा १ मे साठी मी एक गोष्ट मागितलीय. त्या दिवशी महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि पायस बाराव्यांनी १९५५ मध्ये ठरवून दिलेला कामगार संत जोसेफचा सण, तिन्ही एकत्र असतात. मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये लेबर ऑफिसमधल्या कुणालातरी बोलवायचं, त्याने किलोवरच्या मजुरीचा हिशोब कसा लागतो, वही कुणी ठेवायची, तक्रार कुठे द्यायची, असंघटित कामगारांच्या ई-श्रम या सरकारी नोंदणीत नाव कसं घालायचं हे साध्या भाषेत सांगायचं. बायका सगळ्या वाड्यांतल्या, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, आणि बंदरावरचे खलाशी पण. फादर हो म्हणालेत. अंकलना मी स्वतः जाऊन बोलावलं, ते जरा गप्प राहिले मग म्हणाले, "येतंय, पण वाशीवाल्याच्या दराचा पण काढूचा लागतला, नायतर मी उठान जातलंय." मी म्हटलं काढूया, पहिला विषय तोच ठेवते.